सह्याद्रीचा कडा वाचायचा कसा? थर, गेरू, स्फटिक आणि काही गैरसमज

काळाकातळ:
भटकंतीच्या धाग्यांवर "हा कडा कसा तयार झाला?" हा प्रश्न वरचेवर येतो आणि "ज्वालामुखीमुळे" एवढ्यावर मिटतो. उत्तर खरं आहे, पण कड्यासमोर उभं राहून काय बघायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी एकाच प्रवाहाचं शरीर बघू. सह्याद्रीत दिसणारी प्रत्येक आडवी पट्टी म्हणजे ढोबळमानाने एक लाव्हा प्रवाह. खालून वर गेलं की क्रम असा लागतो:

तळाशी वीतभर ते दोन-तीन फूट जाडीचा, भराभर थिजलेला बारीक दाण्यांचा भाग. त्यात बोटाएवढ्या उभ्या नळ्या असतात. खालून सुटलेले वायुबुडबुडे वर चढता चढता तिथेच अडकले, त्यांच्या या नळ्या. नळीचं वरचं टोक एका बाजूला कललेलं असेल तर लाव्हा त्या दिशेने सरकत होता. एका नळीवर भरवसा ठेवू नका. निदान पंधरा-वीस नळ्यांच्या दिशा वहीत उतरवा आणि बहुसंख्य कुठे वळल्यात ते बघा.

त्यावर गाभा. हा घट्ट, काळाकरडा, बुडबुडे जवळजवळ नसलेला. उभ्या भेगा आणि खांब इथेच पडतात. किल्ल्यांचे ताशीव कडे म्हणजे बहुतेक वेळा हा गाभा.

सगळ्यात वर सच्छिद्र पापुद्रा. खालून वर जाताना भोकं संख्येने वाढतात आणि आकाराने लहान होतात. पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट (दोन्ही मऊसर, फिकट खनिजं), गारगोटी भरली गेली म्हणून खडक ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. आणि अगदी माथ्यावर, नशीब असेल तर, तांबडा गेरूचा थर. तो संपला की पुढच्या प्रवाहाचा तळ.

या वरच्या पापुद्र्याची जाडी मोजायचा कंटाळा करू नका. पाहोएहो प्रकारचा लाव्हा आधी पातळ पसरतो, वर कवच धरतो आणि मग आतून येणाऱ्या लाव्ह्याने फुगतो, तव्यावरच्या फुलक्यासारखा. कवच किती जाड झालं यावरून तो किती काळ फुगत होता याचा अंदाज निघतो. हवाईतल्या ताज्या प्रवाहांवरून काढलेलं सूत्र असं: तास = १६४.८ × (कवचाची जाडी मीटरमध्ये)². म्हणजे ५ मीटर कवचाला ४१२० तास, सुमारे पावणेसहा महिने. ८ मीटरला १०,५४७ तास, जवळजवळ साडेचौदा महिने. हा ढोबळ आकडा आहे. पाऊस पडत असेल तर कवच लवकर जाड होतं. पण "एका दिवसात सगळं वितळून वाहिलं" ही कल्पना डोक्यातून जायला एवढं पुरतं.

घाटमाथा_७७:
छान सुरुवात. एक शंका. थर एकावर एक रचले गेले, म्हणजे जितकं वर तितकं नवं. कळसूबाई १६४६ मीटर, महाबळेश्वरचं पठार त्याच्यापेक्षा दोनेकशे मीटरने ठेंगणं. मग कळसूबाईच्या माथ्यावरचा खडक सगळ्यात नवा धरायचा का?

काळाकातळ:
@घाटमाथा_७७, नेमका उलटा. कळसूबाईचा बहुतेक चढ जुन्या थरांतला आहे आणि महाबळेश्वरचा माथा त्यापेक्षा नवा. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि थराचं वय यांची सांगड एकाच कड्यापुरती लागते, दोन जिल्ह्यांमध्ये लागत नाही.

कारण थर सपाट दिसले तरी दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. कल अर्ध्या अंशाहूनही कमी, डोळ्यांना कधीच दिसणार नाही. ०.३ अंश धरा. त्याचा अर्थ किलोमीटरला सव्वापाच मीटर उतार. कळसूबाई ते महाबळेश्वर हे दक्षिणोत्तर अंतर सुमारे १८५ किलोमीटर. गुणाकार केला की साडेनऊशे मीटरच्या पुढे जातो. कळसूबाईवर जो थर माथ्याजवळ आहे तो महाबळेश्वराकडे येईपर्यंत तिथल्या पठाराच्या माथ्यापासून पुष्कळ खाली गेलेला असतो.

थरांच्या गटांचा क्रम खालून वर, प्रत्येकाला एखाद्या जागेचं नाव:

कळसूबाई उपगट: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर.
लोणावळा उपगट: खंडाळा, बुशे.
वाई उपगट: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर.

नावं वाचली तरी गाडी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालल्याचं कळतं. हा सगळा कल नंतर जमीन उचलल्यामुळे आलेला नाही. लाव्हा बाहेर पडण्याची जागाच हळूहळू दक्षिणेला सरकत गेली आणि नवे थर जुन्यांच्या दक्षिण उतारावर बसले, असाही त्यात वाटा आहे. किती वाटा कशाचा, यावर अभ्यासकांची जुंपलेली असते.

रासायनिक_तराजू:
वरच्या यादीबद्दल एक खुलासा, नाहीतर लोक कड्यावर "बुशे कुठला, पोलादपूर कुठला" शोधत बसतील.

हे विभाग डोळ्यांनी पाडलेले नाहीत. सगळा बेसॉल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा हा दगड) हातात घेतला तर काळाच. १९८० च्या दशकात घाटाघाटांतून, उंची नोंदवत, खालपासून वरपर्यंत नमुने घेतले गेले आणि त्यांच्या रासायनिक पृथक्करणावरून ही विभागणी झाली. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम यांची प्रमाणं आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) गुणोत्तर, एवढ्यावर डोलारा उभा आहे. दोन टोकं सांगतो. आंबेनळीच्या खडकात स्ट्रॉन्शियम ८७ भागिले ८६ हे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, म्हणजे प्रावरणातून (भूकवचाखालच्या थरातून) आलेला रस वाटेत फारसा बाटलेला नाही. बुशेमध्ये तेच ०.७१३ च्या वर. म्हणजे तो रस वर येताना जुन्या ग्रॅनाइटी भूकवचात मुरला, ते थोडं पचवून आला. आकड्यांतला फरक तिसऱ्या दशांशात दिसतो, पण या मोजमापात तो प्रचंड आहे.

नमुना घेताना हमखास होणाऱ्या चुका:

एक, वरचा पिवळट-तपकिरी कुजका भाग घेणे. त्यातलं सोडियम, पोटॅशियम धुपून गेलेलं असतं. हातोडीने फोडून आतला गाभा घ्या, किलोभर तरी, आणि कुजकी साल जागेवरच उडवा.

दोन, ठिपकेवाला दगड घेणे. ठिपके नंतरचे आहेत, लाव्ह्याचे नाहीत. एक कॅल्साइटची गोटी सोबत दळली गेली की कॅल्शियम फुगतं आणि मग "नवीनच प्रवाह सापडला" म्हणून आनंद.

तीन, दरडीतून घरंगळलेला धोंडा घेणे. हे हास्यास्पद वाटेल, पण घाटरस्त्याच्या गटारात पडलेला दगड कुठल्या उंचीवरून आला ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

दगडचष्मा:
"डोळ्यांनी ओळखता येत नाही" याला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो भटक्यांच्या कामाचा आहे. कळसूबाई उपगटात काही प्रवाह असे आहेत की त्यांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचे, कधी त्याहूनही मोठे, पांढुरके चपटे स्फटिक खचाखच भरलेले असतात. काळ्या दगडात सुक्या खोबऱ्याचे काप पेरल्यासारखे. एकदा पाहिले की विसरत नाही. मंचर आणि गिरवली या गावांच्या नावांनी असे दोन थर ओळखले जातात. हे थर दूरवर सलग सापडतात, म्हणून खुणेचा दगड म्हणून वापरतात.

एवढे मोठे स्फटिक वाढायला रस खाली कुठेतरी बराच काळ साठून, संथ थंड होत राहावा लागतो. त्यामुळे दोन जोरदार टप्प्यांमधली विश्रांती असा त्यांचा अर्थ लावतात.

नवख्यांची गल्लत होते ती भोकांत भरलेल्या पांढऱ्या खनिजाशी. ओळख अशी:

कडा बघा. स्फटिकाच्या कडा सरळ, आकार लांबट. भरलेलं भोक गोल, बदामी किंवा वेडंवाकडं.
दगड उन्हात फिरवा. प्लॅजिओक्लेजचा अख्खा सपाट पृष्ठभाग एका कोनात एकदम चमकतो.
चाकूने ओरखडा काढा. स्टिल्बाइट (एक झिओलाइट), कॅल्साइट यांवर सहज उठतो. प्लॅजिओक्लेजवर चाकू हरतो, गारगोटीवर तर चाकूचंच लोखंड घासून लागतं.
सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, दहा टक्क्यांचा. फसफसलं तर कॅल्साइट. व्हिनेगर फार मंद, त्याने निकाल देऊ नका.

भिंग दहापट पुरे. वीसपट घेतलं तर हात हलतो आणि काही दिसत नाही.

कोकणसडा:
घाटमाथ्यावरच सगळे अडकलात, जरा खाली उतरा.

दक्षिणेकडचा तो अर्ध्या अंशाचा कल पश्चिमेला चालत नाही. कल्याण–पनवेल पट्ट्यात थर पश्चिमेकडे, समुद्राकडे वाकतात. यालाच पनवेल वाक म्हणतात. मुंबईत कल १०–१५ अंशांपर्यंत जातो, तो मात्र उघड्या डोळ्यांना दिसतो. त्यामुळे माथ्यावरचा हिशेब घेऊन मुंबईत उतरलात की पार चुकणार. शिवाय मुंबईचे बरेच खडक मुख्य उद्रेकानंतरचे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, सुमारे ६० मीटर उंचीचे बेसॉल्टचे खांब, ही तशीच उशिराची. वरळीच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे मधल्या काळात तिथे उथळ पाणी होतं, लाव्ह्याचा भडिमार अखंड चालू नव्हता.

वज्रेश्वरी–गणेशपुरीपासून खाली राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे साधारण एका दक्षिणोत्तर पट्ट्यात का, याचंही उत्तर कोकणातल्या खोल भेगांत आहे. तिथे "जिवंत ज्वालामुखी" वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खोल मुरतं, तापतं आणि भेगेने वर येतं.

दुसरं, जांभा. जांभा हा वेगळा लाव्हा नाही. बेसॉल्टच लाखो वर्षं उष्ण, ओल्या हवेत कुजला, सिलिका धुपून गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार यांच्यावर हीच टोपी. रत्नागिरी–सिंधुदुर्गातले सडे हाही जांभाच, पण खालच्या पातळीवरचा. दोन्ही एकाच वेळचे समजू नका. कोल्हापूरकडे डोंगरमाथ्यावर बॉक्साइट मिळतं ते याच कुजण्याच्या पुढच्या पायरीतून.

जांभ्याचा चिरा काढताना एक गोष्ट खाणवाल्यांना पक्की माहीत असते. वरचा पाच-सहा मीटरचा टणक भाग संपला की खाली मऊ, चिकणमातीचा पट्टा लागतो आणि चिरा हातात चुरतो. त्याच्याही खाली कुजका बेसॉल्ट. सड्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपत या मऊ पट्ट्यावर येऊन थबकतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या नेमक्या त्या पातळीवर वसल्यात.

विहीर_बारव:
पाण्याचा विषय निघालाच आहे तर विहीर खणणाऱ्यांची भाषाही इथे नोंदवून ठेवू. ती पुस्तकापेक्षा चोख असते. वरून माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र ठिपकेवाला, मग काळा पाषाण, मग गेरू. वर काळाकातळ यांनी सांगितलेलं प्रवाहाचं शरीर ते हेच, फक्त वरून खाली.

पाणी मिळतं ते मुरमात आणि भेगाळलेल्या मांजऱ्यात. काळ्या पाषाणात भेग सापडली तरच. गेरू स्वतः पाणी देत नाही, अडवतो. म्हणून त्याच्या वरच्या बाजूला ओल असते.

बोअर घेताना सगळ्यात जास्त घोटाळा गेरूनेच होतो. छिन्नी गेरूतून पार होते, पाणी लागतं, सगळे खूश. वर केसिंग फक्त मुरमापुरतं, वीस-तीस फूट, घातलेलं असतं. पावसाळ्यानंतर गेरू फुगतो, ढासळतो आणि पंप आत अडकतो. खोदाई चालू असताना दर दहा फुटांना निघालेल्या चुऱ्याची चिमूट ओळीने कागदावर ठेवा, खोली लिहून. तांबडा चुरा कुठल्या फुटाला आला ते कळलं तर तेवढ्या भागाला नळी घालता येते. हे न करणाऱ्यांची संख्या बघता पंप काढून देणाऱ्यांचा धंदा जोरात आहे यात नवल नाही.

डाइकबद्दलही. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांत थिजलेली उभी भिंत म्हणजे डाइक. धुळे–नंदुरबारकडे या भिंती माळावर मैलोन् मैल सरळ रेघेत दिसतात. घट्ट डाइक भूजलाला बांधासारखा अडवतो, त्यामुळे चढाच्या बाजूची विहीर तुडुंब आणि पलीकडची कोरडी असं होतं. पण डाइक स्वतः भेगाळलेला असेल तर तोच पाण्याची वाट होतो. "डाइक दिसला की त्यावर बोअर मारा" हा सल्ला त्यामुळे अर्धवट आहे. आधी त्याच्या भेगा बघा.

डोंगरधार:
तीन प्रश्न, एकदम विचारतो.
१. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे ज्वालामुखीचं तोंड आहे असं अनेक व्हिडिओंत सांगतात. खरं का?
२. राजगड, रतनगडाचं नेढं (कातळातलं आरपार भोक) वाऱ्याने पडलं का?
३. किल्ल्यांवरच्या काही टाक्यांत मे महिन्यातही पाणी, काही दिवाळीलाच कोरडी. असं का?

काळाकातळ:
@डोंगरधार

१. नाही. कोकणकडा अंतर्वक्र आहे म्हणून तो अर्धं विवर वाटतो. विवर असतं तर थर त्याच्यापासून बाहेरच्या बाजूला उतरते दिसले असते, राखेचे आणि फुटलेल्या दगडांचे ढीग सापडले असते. कोकणकड्यात थर अगदी आडवे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहेत. हा आकार झिजेचा. खालचा मऊ भाग आधी झिजतो, वरचा घट्ट गाभा उभ्या भेगांवरून सुटून कोसळतो, कडा मागे सरकतो. दख्खनचा लाव्हा मुळात शंकूच्या डोंगरातून आलाच नाही, लांबच लांब भेगांतून आला. त्यामुळे प्रत्येक गडाला "ज्वालामुखीचं मुख" म्हणणं सोडायला हवं.

२. एकट्या वाऱ्याने नाही. नेढं नेहमी अरुंद धारेत असतं. धारेच्या दोन्ही अंगांनी, मऊ पट्ट्यात किंवा भेगांच्या गुंत्यात, पाण्याने आणि ऊन-थंडीने खडक सुटत जातो आणि दोन खोबणी मधे भेटतात. वरचा घट्ट थर कमानीसारखा टिकतो. वारा सुटलेली माती साफ करतो, इतकंच त्याचं काम.

३. जे टाकं घट्ट गाभ्यात, भेगा टाळून खोदलंय ते पाणी धरतं. काही टाक्यांना पावसाच्या पाण्याखेरीज बाजूच्या मांजऱ्यातून बारीक झिरपाही असतो, ती मे महिन्यातही भरलेली. खांबांच्या उभ्या भेगा टाक्याच्या तळातून गेल्या असतील तर कितीही गाळ काढा, गळती थांबत नाही. टाकं बघताना तळाशी नाही, भिंतीवर बघा. पांढऱ्या क्षारांची उभी रेघ दिसली की तिथे भेग आहे. आणखी एक, गडाला वळसा घालणारी जी आडवी वाट असते ती बऱ्याचदा गेरूच्या किंवा मऊ थराच्या पातळीवरूनच जाते, कारण तिथेच पाय ठेवायला जागा झिजलेली असते. पावसाळा संपता संपता समोरच्या डोंगरावर झाडीच्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्याही तिथेच.

घाटमाथा_७७:
म्हणजे सह्याद्री हा "डोंगर" नाहीच, पठाराची तुटलेली कड आहे, असं म्हणायचं का?

रासायनिक_तराजू:
"तुटलेली" हा शब्द जपून. सध्याची कड्यांची रांग म्हणजे भूभ्रंशाची (जमीन तुटून सरकल्याची) रेघ नव्हे. भारताचा पश्चिम किनारा फाटला, सेशेल्सचा तुकडा सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. तेव्हाची कड आजच्या किनाऱ्याजवळ किंवा त्याच्याही पलीकडे होती. तिथून झीज खात खात ती पूर्वेला सरकली आणि मागे राहिलेली पट्टी म्हणजे कोकण. म्हणून कड कुठेच सरळ नाही, नद्यांच्या उगमांनी कुरतडलेली आहे. पठाराचा उतार पूर्वेला असल्यामुळे भीमा, कृष्णा, गोदावरी अरबी समुद्राच्या उशाशी उगवून बंगालच्या उपसागराला जातात. पश्चिमेकडच्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या मात्र कड मागे ढकलत राहतात.

थरांच्या खाली काय आहे हेही आता अंदाजावर नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या भागाच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. सुमारे १२५० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट जुना ग्रॅनाइट-नाइस लागला, मधे गाळाचा खडक नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या छिद्रात बेसॉल्ट फक्त ३४० मीटरच्या आसपास भरला आणि खाली थोडा गाळाचा थरही मिळाला. पश्चिमेला जाड, पूर्वेला पातळ, हे यावरून सरळ दिसतं. दक्षिणेला गोव्यात शिरलात की ही चादरच संपत येते आणि खालचे धारवाडी खडक उघडे पडतात. लोहखनिज त्या जुन्या खडकांतलं, बेसॉल्टमधलं नाही.

दगडचष्मा:
डायनासोरांचा उल्लेख अजून कसा आला नाही?

रासायनिक_तराजू:
आणला तुम्ही. थोडक्यात: मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांच्या मागे-पुढे, दहा लाख वर्षांहून कमी काळात झाला. डायनासोरांचा अंत ज्याच्याशी जोडतात तो मेक्सिकोतला चिक्शुलूबचा लघुग्रह-आघातही त्याच सुमाराचा. कुठला प्रवाह आघाताच्या आधीचा आणि कुठला नंतरचा यावर २०१९ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या घड्याळांनी काढलेली उत्तरं आली. एकाने युरेनियम–शिसे वापरलं, दुसऱ्याने आर्गॉन. दोघांचेही रोख लोणावळा–वाई उपगटांच्या सांध्याकडे आणि वाई उपगटाच्या खालच्या भागाकडे आहेत, पण लाव्हा कुठल्या टप्प्यात किती वेगाने आला यावर एकमत नाही. अडचण अशी की बेसॉल्टमध्ये झिरकॉन (युरेनियम–शिसे घड्याळाला लागणारं खनिज) जवळजवळ नसतो. तो दोन प्रवाहांमधल्या तांबड्या थरात, राखेसोबत आलेला शोधावा लागतो. गेरूचं महत्त्व तिथेही आहे बघा.

विहीर_बारव:
गेरूची उत्पत्ती मात्र सगळीकडे एकच धरू नका. कुठे तो प्रवाहाचा कुजलेला माथा आहे, कुठे राख कुजून झालेली माती, आणि कुठे वरून आलेल्या गरम लाव्ह्याने भाजून तांबडा झालेला. काही थर हिरवेही असतात. शिवाय तो सलग नसतो. एका वळणावर मीटरभर जाड, पुढच्या वळणावर गायब. "दोन गेरूंच्या मधे एक प्रवाह" असं मोजलं की आकडा चुकतो. ठाकूरवाडी, भीमाशंकर भागात एकाच उद्रेकाचे लहान लहान लोळ एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक लोळ मोजलात तर दहाचे शंभर होतील. वाई उपगटात मात्र जाड, लांब पसरलेल्या चादरी, तिथे मोजणी सोपी.

कोकणसडा:
दरडींचा मुद्दा राहिला. माळीण (३० जुलै २०१४), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३), या नावांनंतर "डोंगर कोसळला" असं लिहिलं जातं. बहुतेक वेळा घट्ट खडक कोसळत नाही. त्याच्यावर साचलेला कुजका खडक, माती आणि धोंडे यांचा थर पाण्याने जड होतो आणि खालच्या न भिजणाऱ्या खडकावरून सुटतो. घाटरस्त्यात पडतात ते धोंडे हा वेगळा प्रकार. तिथे गाभ्याचे खांब भेगांवरून सुटतात, खालचा मऊ पट्टा रस्त्यासाठी कापला असेल तर लवकर. दोन्हींवर एकच उपाय चालत नाही. धोंड्यांना जाळी, बोल्ट उपयोगी. भिजलेल्या उतारावर जाळी मारून काही होत नाही, तिथे वरचं पाणी चर खणून बाजूला काढणं हेच पहिलं काम.

उतारावरच्या वस्तीने पावसात बघायचं ते: घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी, धनुष्याकृती भेग. नेहमीच्या झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा आटणं. झाडं, खांब खालच्या बाजूला कलणं. दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागणं. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर रात्र तिथे काढू नये.

डोंगरधार:
एका दिवसात हे सगळं बघायचं तर कुठला घाट? आणि सोबत काय घ्यावं?

काळाकातळ:
पोलादपूर ते महाबळेश्वर, आंबेनळी घाट. चाळीसेक किलोमीटरमध्ये हजारावर मीटर जाडीचे थर चढता येतात, आणि तीन विभागांची नावं याच वाटेवरची आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात कापलेल्या भिंतीखाली उभं राहायचं नाही, आणि मे महिन्यात गवत जळून खडक उघडा असला तरी उन्हाने काम होत नाही.

खालून वर जा, वरून खाली नको. पोलादपूर सोडल्यावर पहिल्या वळणांत थरांचे तळ आणि बोटाएवढ्या नळ्या शोधा. प्रतापगड फाट्याच्या आसपास थांबून समोरचे डोंगर दुर्बिणीने बघा. पायऱ्या मोजण्यापेक्षा एकच पट्टी निवडून ती दरीच्या दुसऱ्या अंगाला कुठे निघते ते शोधा. वर पठारावर पोहोचलात की काळा रंग जाऊन तांबडा जांभा सुरू होतो.

सोबत भिंग, वही, आम्लाची छोटी बाटली, पाच मीटरची टेप, दुर्बीण. उंचीसाठी जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका. मोबाइलचं काही ॲप लंबवर्तुळावरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) उंची सांगतं, समुद्रसपाटीवरून नाही. आपल्याकडे त्या दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो, म्हणजे दोन-तीन अख्खे प्रवाह. निघताना माहीत असलेल्या उंचीच्या जागी, रेल्वे स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते तिथे, आकडा ताडून घ्या. वायुदाबाचं उंचीमापक असेल तर दर दोन तासांनी पुन्हा जुळवा. होकायंत्र खडकाला टेकवू नका. बेसॉल्ट चुंबकीय आहे, वीज पडलेल्या माथ्यांवर तर सुई वीस-तीस अंश भरकटते. दोन पावलं मागे सरून, छातीच्या उंचीवर धरून वाचा, आणि तीन वाचनं जुळली तरच लिहा.

हातोडी फक्त रस्त्याच्या कापणीत. संरक्षित गडावर, लेण्यात, अभयारण्यात एक ठोकाही नको. कळसूबाई–हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही तिन्ही अभयारण्यं आहेत, तिथून नमुना उचलायला वनखात्याची परवानगी लागते. जागेचा फोटो काढताना शेजारी टेप किंवा पेन ठेवा. नाहीतर घरी आल्यावर ते स्फटिक दोन सेंटिमीटरचे होते की दोन मिलिमीटरचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

डोंगरधार:
नोंद केली. प्रतापगड फाट्याजवळचे फोटो टेपसकट इथेच टाकतो, पट्टी चुकली असेल तर सांगा.